‘कन्स्ट्रक्शन मटेरिअल्स’ कसा अभ्यासायचा : इंदूरच्या सिव्हिलवाल्यांसाठी

सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षात स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्सला सगळे घाबरतात आणि कन्स्ट्रक्शन मटेरिअल्सला कोणीच घाबरत नाही. ‘पाठ करायचा पेपर’ म्हणून तो शेवटच्या दोन रात्रींवर ढकलला जातो, मार्कही पडतात. पुढे नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात साइटवर रेतीचा डंपर येऊन उभा राहतो, ड्रायव्हर चलान पुढे करतो, आणि माल उतरवून घ्यायचा की परत पाठवायचा हे फर्स्ट क्लासवाल्याला सांगता येत नाही.

विषय आकड्यांचा दिसतो हे खरं. ३० मिनिटं, ६०० मिनिटं, १० मिमी, २० टक्के. पण कुठलाही आकडा हवेतून आलेला नाही. तो ओलांडला की काहीतरी बिघडतं, म्हणून तो कोडमध्ये, म्हणजे भारतीय मानकात (आयएस), आला. अभ्यास करताना प्रत्येक मर्यादेला एकच प्रश्न विचारा : ही पाळली नाही तर काय बिघडेल? उत्तर सापडलं की आकडा आपोआप लक्षात राहतो. हा लेख त्या एका प्रश्नाभोवतीच आहे.

पहिली पायरी : वही आणि क्रम

दोनशे पानी वही घ्या. उघडल्यावर समोर येणाऱ्या दोन्ही पानांवर मिळून चार रकाने आखा : साहित्य, चाचणी, मर्यादा आणि ‘न पाळल्यास’. पहिले तीन पुस्तकात मिळतात. चौथा तुम्हालाच भरायचा आहे आणि तो मोठा ठेवा. सरांना, मिस्त्रीला, लॅब असिस्टंटला विचारून भरला तरी चालेल. रिकामा राहिला तर रिकामा दिसू द्या, म्हणजे कुठे अडलंय ते कळतं.

दुसरी गोष्ट क्रमाची. बहुतेक पुस्तकं दगडापासून सुरू होतात, मग वीट, चुना, सिमेंट, लाकूड. इतिहासाच्या दृष्टीने ते बरोबर आहे, शिकण्याच्या दृष्टीने मला पटत नाही. आग्नेय, गाळाचे, रूपांतरित यांच्या वर्गीकरणातच पहिले दोन आठवडे जातात आणि उत्साह संपतो. माझं मत : रेतीपासून सुरू करा. ती फुकट मिळते, तिला लॅब लागत नाही, आणि साइटवरची निम्मी भांडणं तिच्यावरूनच होतात.

दुसरी पायरी : रेती, घरच्या ओट्यावर

सुदामा नगर असो की विजयनगर, इंदुरात कुठल्या ना कुठल्या गल्लीत घर बांधणं चालूच असतं. मिस्त्रीला नीट विचारून पिशवीभर रेती मागून घ्या. ‘भिया, ये रेती कां की है?’ एवढं विचारलंत की तो नर्मदेची की क्रशरची, धुतलेली की बिनधुतलेली, सगळं सांगेल. नदीची रेती आणि दगड फोडून केलेली रेती असे दोन्ही नमुने मिळाले तर उत्तमच.

आधी गाळ. सरळ भिंतीची पारदर्शक बाटली घ्या. एक टक्का मिठाचं पाणी करा, म्हणजे लिटरला १० ग्रॅम मीठ. थोडं पाणी, अर्ध्यापर्यंत रेती, वर पुन्हा पाणी, मग दणकून हलवा आणि तीन तास ठेवून द्या. जड कण खाली बसतात, वर तपकिरी बारीक थर जमतो. दोन्ही थरांची उंची पट्टीने मोजा. वरच्या थराला खालच्या थराने भागून शंभराने गुणलं की गाळाचं आकारमानाने प्रमाण मिळतं. सीपीडब्ल्यूडीच्या (केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग) कामात ते ८ टक्क्यांपर्यंत चालतं. लॅबमधली मर्यादा वेगळी असते, कारण तिथे वजनाने मोजतात : रेती-गिट्टीच्या आयएस ३८३ नुसार नैसर्गिक रेतीत ७५ मायक्रॉनखालचा भाग ३ टक्क्यांपेक्षा जास्त नको, फोडलेल्या रेतीत १५ टक्क्यांपर्यंत चालतो. फरक का? नदीतल्या बारीक कणांत चिकणमाती असते. क्रशरच्या रेतीतली भुकटी बहुतेक दगडाचीच असते, तिचं नुकसान कमी. चिकणमाती मात्र रेतीच्या कणाला चिकटून बसते, सिमेंटला कण पकडू देत नाही, वर पाणीही जास्त मागते. चौथ्या रकान्यातली पहिली नोंद झाली.

आता बल्किंग, म्हणजे ओल्या रेतीचं फुगणं. याच्यावर अख्खी संध्याकाळ घालवा, वाया जाणार नाही. कोरड्या रेतीत थोडं पाणी मिसळलं की प्रत्येक कणाभोवती पाण्याची पातळ पापुद्री धरते आणि तिच्या ताणामुळे कण एकमेकांपासून लांब राहतात. रेती तेवढीच असते, ढीग मात्र मोठा दिसतो. साधारण ४ ते ६ टक्के ओलाव्याला हे फुगणं सर्वात जास्त असतं. त्यापुढे पाणी वाढलं की पापुद्री मोडते, आणि रेती पूर्ण बुडली की आकारमान पुन्हा कोरडीइतकं होतं. बारीक रेती जाड रेतीपेक्षा जास्त फुगते.

मोजायला सोपं आहे. मापाच्या नळीत ओली रेती न दाबता २०० मिलीच्या खुणेपर्यंत भरा. वर पाणी ओता, सगळी बुडू द्या, काठीने ढवळा, बसू द्या. पातळी १६० वर आली तर फुगणं = (२०० − १६०) ÷ १६० × १०० = २५ टक्के. भागताना १६० घ्यायचे, २०० नाही. परीक्षेत इथेच मार्क जातात.

याचा साइटवर काय अर्थ होतो ते मांडून पाहा. सिमेंटची ५० किलोची गोणी म्हणजे सुमारे ३५ लिटर. एम-२० चं (२८ दिवसांनी २० मेगापास्कल देणारं काँक्रीट) सिमेंट, रेती, गिट्टीचं नाममात्र प्रमाण १ : १.५ : ३, म्हणजे गोणीमागे रेती ५२.५ लिटर. रेती २५ टक्के फुगलेली असताना फर्म्याने (मापाच्या पेटीने) ५२.५ लिटरच मोजली, तर खरी रेती पडली ५२.५ ÷ १.२५ = ४२ लिटर. गोणीमागे साडेदहा लिटर रेती कमी! गिट्टीतल्या फटी भरायला मसाला पुरत नाही आणि स्लॅबखाली मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात. त्यात ओल्या रेतीबरोबर न मोजलेलं पाणीही मिक्सरमध्ये गेलेलं असतं. म्हणून अशा दिवशी फर्मा ६५.६ लिटरचा लागतो. रेती विकत घेतानाही हेच : ओला डंपर घेतलात तर हवेचे पैसे देताय.

रेतीतला तिसरा भाग चाळणीचा. त्याला कॉलेजचा चाळणी-संच लागेल. १००० ग्रॅम कोरडी रेती घेतली आणि ४.७५ मिमीवर २० ग्रॅम, २.३६ वर ८०, १.१८ वर २००, ६०० मायक्रॉनवर २५०, ३०० वर २८०, १५० वर १४० आणि तळाच्या ताटलीत ३० ग्रॅम उरली असं समजा. एकत्रित उरलेले टक्के : २, १०, ३०, ५५, ८३, ९७. बेरीज २७७. शंभराने भागा : सूक्ष्मता गुणांक २.७७. बेरजेत ताटली धरायची नाही. या आकड्याचा अर्थ काय? १५० मायक्रॉनला पहिली धरून खालून वर मोजलं तर सरासरी कण तिसऱ्या चाळणीच्या, म्हणजे ६०० मायक्रॉनच्या, जरा अलीकडे आहे. झोन ठरवायला ६०० मायक्रॉनमधून गेलेला भाग बघा. इथे तो ४५ टक्के. १५ ते ३४ पहिला झोन, ३५ ते ५९ दुसरा, ६० ते ७९ तिसरा, ८० च्या पुढे चौथा. आपली रेती दुसऱ्या झोनची, काँक्रीटला चांगली. बाकीच्या चाळण्यांचे आकडेही कोडच्या तक्त्याशी पडताळायचे असतात, नुसत्या एका चाळणीवर थांबू नका.

तिसरी पायरी : सिमेंट

इथे लॅबशिवाय गत्यंतर नाही. पार्क रोडवरच्या एसजीएसआयटीएससारख्या १९५२ पासूनच्या कॉलेजात असा की बायपासवरच्या नव्या कॉलेजात, उपकरणं तीच असतात. गर्दीत मागे उभं राहून दुसऱ्याचं रीडिंग उतरवलंत तर हा धडा गेलाच म्हणून समजा.

विकॅट उपकरणापासून सुरुवात : सिमेंटला मळायला नेमकं किती पाणी लागतं ते यावर ठरतं. ४०० ग्रॅम सिमेंट, अंदाजे २५ टक्के पाणी. पाणी पडल्यापासून तीन ते पाच मिनिटांत मळून ४० मिमी खोल साच्यात भरायचं. १० मिमी व्यासाचा प्लंजर पृष्ठभागाला टेकवून सोडून द्यायचा. तो तळापासून ५ ते ७ मिमीवर थांबला पाहिजे. जास्त वर थांबला तर पाणी कमी, तळ गाठला तर पाणी जास्त. दर वेळी नवं सिमेंट घ्यायचं, आधीच्याच गोळ्यात पाणी वाढवायचं नाही, कारण त्यातली प्रक्रिया सुरू झालेली असते. बऱ्याच सिमेंटना उत्तर ३० टक्क्यांच्या आसपास मिळतं. बरोबर जमलेला गोळा हाताला टांगून ठेवलेल्या चक्क्याइतका घट्ट लागतो. एकदा बोटांना ती घट्टाई कळली की पुढच्या वेळी प्लंजरच्या आधी हातच सांगतो.

हे टक्के, त्यांना पी म्हणू, पुढे सगळीकडे लागतात. सेटिंग टाइमसाठी (आळायला लागणारा वेळ) पाणी ०.८५ पी. मॉर्टर क्यूबसाठी (पी ÷ ४ + ३) टक्के, आणि ते सिमेंट व वाळू दोन्हींच्या मिळून वजनाचे. २०० ग्रॅम सिमेंट आणि ६०० ग्रॅम प्रमाणित एन्नोर वाळू असेल, पी ३० असेल, तर १०.५ टक्के, म्हणजे ८४ ग्रॅम पाणी.

आता चौथा रकाना. सुरुवातीचा सेटिंग टाइम ३० मिनिटांपेक्षा कमी नको, कारण माल मिसळायचा, घमेल्याने वर चढवायचा, ओतायचा, व्हायब्रेटर फिरवायचा, एवढं होईस्तोवर तो मऊ राहायला हवा. अखेरचा ६०० मिनिटांपेक्षा जास्त नको, नाहीतर पुढचं काम अडतं. सिमेंट दळताना जिप्सम का घालतात याचं उत्तरही इथेच : सिमेंटमधला सी३ए (ट्रायकॅल्शियम अ‍ॅल्युमिनेट) पाण्याशी इतक्या झटपट भिडतो की जिप्सम नसेल तर माल घमेल्यातच आखडेल. साउंडनेसची ले शातेलिए चाचणी जास्तीत जास्त १० मिमी फुगू देते, कारण मोकळा चुना राहिला असेल तर तो काँक्रीट घट्ट झाल्यावर सावकाश फुगतो आणि भेगा पाडतो. गेलेलं सिमेंट ओळखायला गोणीत हात घाला : गार लागलं, गुठळ्या नसल्या तर बहुधा ठीक. इंदूरचा जुलै-ऑगस्ट सिमेंटला सोसत नाही. गोण्या भिंतीपासून लांब, फळ्यांवर आणि झाकून ठेवाव्या लागतात.

मॉर्टर क्यूब ७०.६ मिमीचाच का, हा तोंडी परीक्षेतला लाडका प्रश्न. ७०.६ चा वर्ग केला की ४९८४ चौरस मिमी येतात, म्हणजे जवळपास ५० चौरस सेंमी. जुन्या मापात भाग द्यायला सोपं. ४३ ग्रेडचं सिमेंट २८ दिवसांनी ४३ मेगापास्कल द्यायला हवं, तर मशीनवर सुमारे २१४ किलोन्यूटन दिसायला हवेत. हा गुणाकार मशीनसमोर उभं राहण्याआधीच करून ठेवा, म्हणजे काटा कुठे थांबायला हवा ते माहीत असतं आणि चुकीचं रीडिंग लगेच पकडता येतं. ४३ ग्रेडसाठी ३ दिवसांना २३, ७ दिवसांना ३३. पीपीसीसाठी (फ्लाय अ‍ॅश, म्हणजे कोळशाची राख, मिसळलेलं सिमेंट) १६, २२ आणि २८ दिवसांना ३३. पीपीसी हळू चढतं, कारण फ्लाय अ‍ॅशला आधी सिमेंटच्या प्रक्रियेतून सुटणारा चुना मिळावा लागतो. आज बाजारातल्या बहुतेक गोण्या पीपीसीच्याच असतात, आणि सेंटरिंग (स्लॅबखालचा आधार) काढायच्या घाईत लोक नेमकं हेच विसरतात.

माळव्यातल्या वाचकासाठी एक जोड : नीमचजवळ आणि मनावरला सिमेंटचे मोठे कारखाने आहेत, कारण तिथे चुनखडी आहे. इंदूरच्या जमिनीखाली चुनखडी नाही, काळा दगड आहे. त्याचा फायदा पुढच्या पायरीत.

चौथी पायरी : गिट्टी, आणि ती ज्यातून येते तो दगड

आपण दख्खनच्या लाव्ह्यावर राहतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहत आला आणि गोठला, तोच हा बेसॉल्ट. महूजवळ पाताळपाणीच्या कड्यात हे थर उघडे दिसतात. बघायला जा, पण पावसाळ्यात प्रवाहात पाऊल टाकू नका. वरून अचानक लोंढा येतो आणि तिथे माणसं वाहून गेलेली आहेत.

सगळा काळा दगड सारखा नसतो. थराच्या मधला दगड घट्ट, बारीक कणांचा, हातोडीला खणखणतो. थराच्या माथ्याचा दगड बुडबुड्यांचा असतो, आणि त्या पोकळ्यांत पुढे पांढरी खनिजं भरलेली असतात. पहिला उत्तम गिट्टी देतो, दुसरा पाणी पितो आणि लवकर फुटतो. क्रशरवरच्या ढिगात पांढऱ्या ठिपक्यांचे तुकडे किती आहेत हे नुसतं मोजलंत तरी खाणीची गोष्ट कळते. म्हणून दगडाचा धडा इथे वाचा, गिट्टी हातात असताना. वर्गीकरण मग पाठ करावं लागत नाही.

चाचण्यांपैकी इम्पॅक्ट सर्वात सोपी. १२.५ मिमीतून गेलेली आणि १० मिमीवर राहिलेली गिट्टी, सुमारे १४ किलोचा घण, ३८० मिमीवरून १५ घाव, आणि २.३६ मिमीतून किती गळलं ते वजन. ३५० ग्रॅममधून ४९ ग्रॅम गळलं तर १४ टक्के. रस्त्यासारख्या घासल्या जाणाऱ्या पृष्ठभागाला मर्यादा ३०, इतर काँक्रीटला ४५. क्रशिंगमध्ये तीच गिट्टी, पण ४०० किलोन्यूटनचा भार दहा मिनिटांत सावकाश. लॉस एंजेलिस नावाच्या चाचणीत घासणं. तिन्हींचं सूत्र एकच, त्रास देण्याची तऱ्हा वेगळी : धक्का, दाब, घर्षण. रस्त्यावर ट्रक तिन्ही देतो.

आकारही महत्त्वाचा. जाडी सरासरी मापाच्या ०.६ पेक्षा कमी तो चपटा, लांबी १.८ पटीहून जास्त तो लांबट. दोन्ही मिळून ४० टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. चपटे दगड आडवे पडतात, त्यांच्याखाली पाणी साचतं आणि तिथेच काँक्रीट कच्चं राहतं.

देवगुराडियाला शहराच्या राडारोड्यावर प्रक्रिया होते आणि त्यातून पेव्हर ब्लॉक वगैरे बनतात. आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीने जुन्या काँक्रीटची गिट्टी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, आणि एम-२५ पर्यंतच्या आरसीसीत २० टक्क्यांपर्यंत वापरायची मुभा दिली आहे. जुनी पुस्तकं हे सांगत नाहीत. प्रोजेक्टसाठी याहून चांगला विषय इंदुरात मिळणार नाही.

पाचवी पायरी : काँक्रीट

इथे एक गोष्ट पक्की केली की बाकीचं सुटतं : पाणी. सिमेंटला प्रक्रियेसाठी त्याच्या वजनाच्या सुमारे २३ टक्के पाणी लागतं, आणखी १५ टक्के जेलच्या (प्रक्रियेतून तयार होणाऱ्या चिकट पदार्थाच्या) बारीक छिद्रांत अडकतं. एकूण ३८. त्याहून जास्तीचं पाणी काम सोपं व्हावं म्हणून घातलेलं असतं. ते पुढे उडून जातं आणि जागा रिकामी ठेवून जातं. ती जागा म्हणजे कमी ताकद आणि सळईपर्यंत गंज पोहोचायची वाट. काँक्रीटच्या आयएस ४५६ मध्ये सौम्य वातावरणातल्या आरसीसीसाठी पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.५५ पेक्षा जास्त नको आणि सिमेंट घनमीटरला ३०० किलोपेक्षा कमी नको, ते याच कारणाने. गोणीमागे हिशेब : ५० × ०.५५ = २७.५ लिटर, आणि त्यात रेतीतलं पाणीही आलं.

१५० मिमीच्या क्यूबचं क्षेत्रफळ २२,५०० चौरस मिमी. २० मेगापास्कलला ४५० किलोन्यूटन. भार मिनिटाला १४ मेगापास्कलने वाढवायचा, म्हणजे सेकंदाला साधारण सव्वापाच किलोन्यूटन. घाईने वाढवला तर उत्तर खोटं जास्त येतं. क्यूब मशीनमध्ये ठेवताना ओतलेली वरची बाजू प्लेटला लावायची नाही, साच्याला टेकलेल्या गुळगुळीत बाजू वर-खाली येतील असा फिरवायचा. फुटल्यावर लगेच फेकू नका. भेग गिट्टीच्या मधून गेली की गिट्टीला वळसा घालून, ते बघा. वळसा घातला असेल तर मसाला कच्चा.

क्युरिंगचं (काँक्रीट ओलं ठेवण्याचं) पाठांतर नको. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, पीपीसीला किंवा कोरड्या-गरम हवेत किमान १०, पण पीपीसीला शिफारस १४ दिवसांची. एप्रिलमध्ये इंदूरला दुपारी वारा सुटतो तेव्हा स्लॅब ओतून तासाभरातच वर केसासारख्या भेगा दिसायला लागतात. पृष्ठभागावर पाणी चढतं त्याहून वेगाने उडतं म्हणून. अशा महिन्यात स्लॅब पहाटे किंवा संध्याकाळी ओततात, आणि ओतल्याबरोबर प्लास्टिकने झाकतात.

सहावी पायरी : सळई

लोहामंडीत, म्हणजे इंदूरच्या लोखंड बाजारात, एक चक्कर मारा. तिथे वजन हीच भाषा आहे, आणि वजनाचं सूत्र एकच : व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरमागे किलो. कुठून आलं तेही समजून घ्या : वर्तुळाचं क्षेत्रफळ गुणिले पोलादाची घनता ७८५०, एककं जुळवली की १६२ येतात. १२ मिमीची सळई मीटरला ०.८८९ किलो, १२ मीटरची १०.६७ किलो. आयएस १७८६ मध्ये १० मिमीपर्यंत सात टक्के, त्यापुढे १६ पर्यंत पाच टक्के, त्याहून जाडीला तीन टक्के फरक चालतो. म्हणजे ही सळई १०.१ किलोच्या खाली गेली तर माल हलका आहे.

एफई ५०० आणि एफई ५००डी या सळईच्या दोन ग्रेडमध्ये ताकद तीच, ताणलं जाणं वेगळं : १२ टक्के आणि १६ टक्के. भूकंपात जी सळई तुटण्याआधी लांबते ती माणसांना बाहेर पडायला वेळ देते. चौथा रकाना एका ओळीत भरला. टीएमटी सळईची (गरम असताना पाण्याने झटकन थंड केलेली) बाहेरची कडक कड आणि आतला मऊ गाभा लॅबमध्ये कापलेल्या तुकड्यावर आम्ल लावून बघता येतो. गडद कडं पूर्ण आणि सारख्या जाडीचं दिसलं पाहिजे.

वीट, लाकूड, फरशी

यांना कमी वेळ द्या. विटेचं २४ तास बुडवून पाणी शोषणं २० टक्क्यांच्या आत (ताकदीच्या १२.५ वर्गाच्या वर १५), नखाने ओरखडा न उठणं, दोन विटा आपटल्यावर खणखणीत आवाज, आणि खारपण. खारपणासाठी वीट २५ मिमी पाण्यात उभी ठेवायची आणि वर पांढरं किती चढतं ते बघायचं. काळ्या मातीच्या विटा वाळतानाच तडकतात, म्हणून भट्टीवाले तीत राख मिसळतात.

लाकडासाठी राजवाड्याला जा. खाली दगड, वर लाकूड. १९८४ च्या आगीत आतला मोठा भाग गेला. समोर उभं राहून विचार करा : जाड लाकडाची बाहेरची कड जळून कोळसा होते आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला काही काळ वाचवतो. पोलाद जळत नाही, पण ५५०-६०० अंशांना निम्मी ताकद गमावतं. आगीत कोण जास्त भरवशाचं, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. जवळच कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आहेत. तिथल्या दगडावर हवेचा आणि नदीकाठच्या ओलीचा परिणाम कुठे जास्त आहे ते शोधा.

फरशीची चाचणी घरीच होईल. आपल्याकडच्या जुन्या घरांत कोटा फरशी असते, आणि कोटा म्हणजे चुनखडक. टाकाऊ तुकड्यावर लिंबाचा थेंब टाकून थोड्या वेळाने पुसा : तिथली चकाकी गेलेली दिसेल. गिट्टीच्या बेसॉल्टवर तसं काही होत नाही. बाथरूममध्ये आम्लाचा क्लीनर वापरला की कोटा का पांढुरका पडतो, ते आईला आता सांगता येईल.

काळी माती

पुस्तकात ती मटेरिअल्समध्ये नसून सॉइल मेकॅनिक्समध्ये असते, तरी इंदूरच्या विद्यार्थ्याने आत्ताच हात घालावा. घराच्या भिंतींना तिरप्या भेगा, न लागणारी दारं, पावसाळ्यात उचललेला ओटा, यातलं बरंच तिच्यामुळे होतं. तिच्यातलं माँटमोरिलोनाइट हे चिकणमातीचं खनिज पाणी आत घेऊन फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं.

४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली कोरडी माती दोन नळ्यांत १०-१० ग्रॅम घाला. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. ढवळून हवा काढा आणि २४ तास ठेवा. रॉकेल मातीच्या थरांत शिरत नाही, म्हणून तिथे माती जागेवरच बसते. रॉकेलमध्ये १० मिली आणि पाण्यात १७ मिली दिसली तर फुगणं ७० टक्के. ५० च्या खाली कमी, १०० पर्यंत मध्यम, २०० पर्यंत जास्त. रुडकीच्या सीबीआरआयने (केंद्रीय इमारत संशोधन संस्था) अशा मातीसाठीच तळाशी फुगा असलेले अंडर-रीम्ड पाइल विकसित केले : पाया हलणाऱ्या थराच्या खाली नेऊन तिथे रोवायचा.

कोड आणि परीक्षा

आयएस कोड आता बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) संकेतस्थळावर नोंदणी करून मोफत उतरवता येतात. सुरुवातीला २६९ (साधं सिमेंट), १४८९ (पीपीसी), ३८३, ४५६, १७८६ आणि १०७७ (विटा) पुरे. सिमेंटच्या चाचण्यांसाठी ४०३१, गिट्टीच्या चाचण्यांसाठी २३८६, विटांसाठी ३४९५. अख्खा कोड वाचत बसू नका. आधी व्याप्ती, मग तक्ते, मग तक्त्याखालच्या टिपा. टिपांमध्येच खरा मजकूर असतो.

परीक्षेच्या तयारीत वहीचा चौथा रकाना झाकून तिसऱ्यावरून तो आठवायचा नाही, उलट करायचं : तिसरा झाकून चौथ्यावरून आकडा आठवायचा. मित्राला तोंडी विचारायला लावा, कारण तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक ‘का’ विचारतात. संख्यात्मक प्रश्न चार प्रकारचेच फिरून येतात : सूक्ष्मता गुणांक, बल्किंग, सळईचं वजन, क्यूबची ताकद. वरच्या उदाहरणांतले आकडे बदलून प्रत्येकी पाचेक गणितं स्वतःच तयार करा आणि सोडवा.

आणि कुठलाही आकडा वहीत लिहिताना शेजारी कोडचं वर्ष लिहा. ५३ ग्रेडच्या सिमेंटला पूर्वी वेगळा कोड होता. २०१५ मध्ये ३३, ४३ आणि ५३ हे तिन्ही ग्रेड आयएस २६९ मध्ये एकत्र आले, पण बाजारातल्या गाइडमध्ये अजून जुनेच क्रमांक छापलेले सापडतात.